नव्वद मिनिटांचे दोन पेपर

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम ग्रुपचा पेपर तीन तासांचा, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ते नव्वद-नव्वद मिनिटांचे दोन पेपर आहेत. आधी फिजिक्स आणि केमिस्ट्री, प्रत्येकी 50 प्रश्न. वेळ संपली की हा भाग आपोआप सबमिट होतो आणि मग मॅथ्सचे 50 प्रश्न उघडतात. इकडे वाचवलेली मिनिटं तिकडे चालत नाहीत.

फिजिक्स-केमिस्ट्रीत एका गुणाच्या प्रश्नाला सरासरी 54 सेकंद येतात, मॅथ्समध्ये दोन गुणांच्या प्रश्नाला 108. म्हणजे एका गुणाचा भाव सगळीकडे 54 सेकंदच. रोटेशनल डायनॅमिक्सच्या एका गणितावर हट्टाने तीन मिनिटं घालवली, तर तेवढ्यात आणखी दोन प्रश्न हातचे जातात. हुशार मुलांचे गुण बहुधा इथेच सांडतात.

म्हणून केमिस्ट्री आधी घ्यावी. तिथले बरेच प्रश्न थेट असतात, येतात किंवा येत नाहीत. ती 35 मिनिटांत आटोपली, तर फिजिक्सच्या प्रत्येक प्रश्नाला 66 सेकंद मिळतात. पहिल्या फेरीत वाचताक्षणी रीत सुचेल तेवढंच सोडवायचं. आकृती काढून विचार करावा लागेल ते मार्क करून पुढे जायचं आणि दुसऱ्या फेरीत परत यायचं. पर्याय निवडल्यावर ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबायला विसरू नका. ते न दाबता बाजूच्या चौकटीतल्या दुसऱ्या प्रश्नाच्या नंबरावर क्लिक केलं, तर निवडलेलं उत्तर सेव्ह होत नाही.

निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं, की अंदाज बरोबर येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांवर जाते. शेवटची पाच मिनिटं याच कामासाठी राखावीत.

सरावही याच घड्याळावर हवा. प्रवासाची वेळही त्यात धरावी: वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)च्या मुलांना वर्ध्याचं किंवा नागपूरचं सेंटर आलं, तर रिपोर्टिंगची वेळ गाठायला एक गाडी आधीचीच धरावी. दुपारची शिफ्ट असेल, तर विदर्भातल्या उन्हातून पोचून पेपर द्यायचा आहे, हे लक्षात ठेवून घरच्या दोन-तीन मॉक टेस्ट दुपारीच द्याव्यात, मध्ये न उठता. अकरावीची पुस्तकंही रद्दीत देऊ नयेत. सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक धड्यांवर असतात, आणि ते धडे थोडेच असल्याने त्यांची उजळणी लवकर होते.

पेपर अवघड गेला म्हणून मॅथ्सच्या आधीच हाय खाणारी मुलं असतात, त्यांची फार काळजी वाटते. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, आणि ते आधी त्या-त्या शिफ्टपुरतंच काढलं जातं. तुमची तुलना त्याच शिफ्टमध्ये तोच पेपर सोडवणाऱ्यांशी होते. तुम्हाला जो भाग जड गेला, तो त्यांनाही बहुधा जडच गेलेला असतो.