भिंती आपल्या, जमीन कुणाची?

घर पाहावे बांधून अन् लग्न पाहावे करून, असे आपण मराठीत म्हणतो. कन्नडात हीच म्हण ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ अशी आहे. बांधण्याचा खटाटोप नको म्हणून पुष्कळ जण जुने तयार घर घेऊन भाड्याने द्यायचे ठरवतात. दरमहा चार पैसे येतील, पुढे मुलाबाळांना उपयोगी पडेल, असा त्यामागचा साधा हिशेब असतो.

गेल्या वर्षी असे दोन व्यवहार एकाच वेळी माझ्यापुढे आले. एक होते बीदरच्या मैलूर भागातले जुने घर. ते मी आणि माझे मेहुणे पाहत होतो. दुसरे थेट अमेरिकेतले. तिकडून भाच्याचा फोन आला, “मामा, इथे एक जुने मोबाईल होम स्वस्तात मिळते आहे. घेऊन भाड्याने देऊ का?”

मोबाईल होम म्हणजे कारखान्यात तयार करून चाकांवरून आणून ठेवलेले घर. त्यांच्या बांधणीसाठी अमेरिकेच्या सरकारने जून 1976 पासून देशभर एकच नियम लागू केले. त्याआधीची घरे जुन्या पद्धतीची, म्हणून घेताना बांधणीचे साल आधी पाहतात. अशी पुष्कळ घरे ‘पार्क’मध्ये असतात. तिथे घर तुमचे, पण खालची जागा पार्कच्या मालकाची. तिचे भाडे दरमहा वेगळे भरावे लागते. नावात ‘मोबाईल’ असले तरी जुने घर उचलून दुसरीकडे नेणे फार खर्चाचे. कधी कधी ते नेण्याच्या लायकीचेही उरत नाही. जागा स्वतःची नसली की कर्जही बहुधा मोटारीच्या कर्जासारखे, चढ्या व्याजाने मिळते.

मी भाच्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावली. समजा, घर 30,000 डॉलरचे. भाडेकरूकडून महिना 900 येणार. त्यातून जागेचे भाडे 500, कर व विमा 100, दुरुस्ती 100 गेले की उरले 200. वर्षाचे 2,400, म्हणजे आठ टक्के. ऐकायला बरे वाटते. पण जागेचे भाडे दरवर्षी पन्नास डॉलरने वाढले आणि भाडेकरूचे तेवढेच राहिले, तर चार वर्षांत हाती शून्य! शिवाय घर दिवसेंदिवस जुने होणार. “आधी पार्कची नियमावली मागव,” असे मी त्याला सांगितले. त्याने मागवली. त्या पार्कात घर भाड्याने द्यायलाच बंदी निघाली. बेत तिथेच संपला.

मैलूरच्या घराची गोष्ट याहून फार वेगळी नव्हती. भिंती जांभ्या दगडाच्या, वर पत्रे, आत एक आड. मागणी 12 लाखांची. भाडे महिना 6,000 धरले तर वर्षाला 72,000 होतात. एक महिना घर रिकामे राहिले आणि कर-दुरुस्तीला 15,000 लागले, तर हाती 51,000 येतात, म्हणजे सव्वाचार टक्के. एवढ्यासाठी कोणी 12 लाख अडकवणार नाही. खरी आशा असते ती जागेची किंमत वाढण्याची.

मेहुणे म्हणाले, “घरपट्टी भरलेली आहे, लाईट बिल त्यांच्या नावावर आहे. आणखी काय हवे?” शेजारच्या आज्जी ओट्यावरून ऐकत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “नेल यारदप्पा?” जमीन कुणाची? पहाणी काढून पाहिली, तर जमीन शेतीचीच होती, एन.ए. झालेली नव्हती आणि तिच्यावर चार भावांची नावे होती. घर विकणारा त्यांपैकी एकही नव्हता. आम्ही नमस्कार करून परतलो.

आपल्या भागात हा प्रश्न किती खोल आहे, ते 19 जानेवारी 2023 रोजी दिसले. त्या दिवशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेड येथे पंतप्रधानांच्या हस्ते हक्कपत्रांचे वाटप झाले. लाभार्थी पन्नास हजारांहून अधिक होते. कलबुर्गी, यादगीर, रायचूर, बीदर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 1,475 नोंद नसलेल्या वस्त्यांना महसुली गावांचा दर्जा देण्यात आला होता. त्यांत तांडे पुष्कळ. घरे स्वतः बांधलेली, चूल पेटती. पण पायाखालच्या जागेचा कागद नाही. कागद नाही म्हणजे बँकेचे कर्ज नाही आणि उद्याची खात्री नाही.

तेव्हा वाचकहो, जुने घर पाहायला जाल तेव्हा रंग आणि फरशी मागाहून पाहा. आधी पहाणी किंवा खाता उतारा पाहा. ग्रामपंचायत हद्दीत असाल तर ई-स्वत्तूचे नमुना 9 व 11 मागा. उपनिबंधक कार्यालयातून ऋणभार प्रमाणपत्र काढा. जुने व्यवहार असतील तर ते नमुना 15 मध्ये दिसतात, नसतील तर नमुना 16 मिळतो. खाता ही कर भरण्यासाठीची नोंद आहे, तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. जागा हक्कपत्राची असेल तर त्यावरच्या विक्रीच्या अटी नीट वाचा. आणि विसार देण्याआधी सगळे कागद वकिलाला दाखवा.

जागा दुसऱ्याची असूनही घर घ्यावेसे वाटले, तर जरूर घ्या, पण राहण्यासाठी आणि तेवढ्याच किमतीत. मुलांसाठी ठेव म्हणून घेत असाल, तर आज्जींचा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे मोजू नका.