ईदीसाठी ब्लॉक्सचा डबा निवडताना

तीन वर्षांपूर्वीची रमजान ईद. माझे थोरले भाऊ सौदीहून सुट्टीवर आले होते. आपल्या दोन मुलांसाठी त्यांनी ब्लॉक्सचा मोठा डबा आणला होता. आठशेच्या वर तुकडे, सगळे जोडले की शर्यतीची मोटार तयार होणार. माझी धाकटी बहीण त्या दिवशी मुलाबाळांसह माहेरी आली होती. तिचे मिस्टर गवंडीकाम करतात. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला मामूंनी पाकिटात घालून शंभर रुपये ईदी दिली. ईदी म्हणून ती काही कमी नव्हती. पण शीरखुर्मा खाऊन झाल्यावर दोघे भाऊ चटईवर मोटार जोडायला बसले आणि हा दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने एक चाक उचलून पाहिले. लगेच आवाज आला, "हात नक्को लगा, टूट जाएगा."

बोलणारा रागाने बोलला नव्हता. मुलाने चाक जागेवर ठेवले आणि ईदीचे पाकीट आईच्या हातात नेऊन दिले. दिवसभर तो पुन्हा त्या खोलीत आला नाही.

मी तिथेच बसले होते. शाळेत पेन्सिली वाटताना कुणाला जास्त, कुणाला कमी जाऊ नये म्हणून दोनदा मोजणारी मी, त्या वेळी एक शब्दही बोलले नाही. ते मला अजून लागते. ती मोटार पुढे काचेच्या कपाटात गेली आणि आजही तिथेच आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी आणली त्यांनीही ती फारशी खेळली नाही.

पुढच्या ईदला मी भाच्यासाठी स्वतः ब्लॉक्स घेतले. फुटपाथवर दोनशे रुपयांत भली मोठी पिशवी मिळाली. घरी आणल्यावर कळले की ठोकळे एकमेकांत बसतच नव्हते. काही इतके सैल की उचलले की गळून पडत, काही इतके घट्ट की दातांनी ओढावे लागे. भाच्याचा मनोरा चार वेळा कोसळला. शेवटी तो म्हणाला, "खाला, मला जमत नाही." चूक खेळण्याची होती, पण मुलाने ती स्वतःची मानली. शिक्षिका म्हणून सांगते, स्वस्त खेळण्याचे खरे नुकसान पैशांचे नसून हे असते.

या दोन ईदनंतर मी जरा विचार करून, दुकाने फिरून, डबे पारखून घ्यायला शिकले. तेच इथे मांडते आहे.

आधी मुले मोजा, मग किंमत ठरवा

हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या लहानपणीचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली. आईचा आग्रह होता की पैगंबर मुहम्मद (स.) यांना या भेटीचे साक्षीदार करावे. वडील गेले, तेव्हा पैगंबरांनी (स.) विचारले की आपल्या सर्व मुलांना असेच दिले आहे का. उत्तर नाही असे आले. तेव्हा त्यांनी अल्लाहचे भय बाळगून मुलांमध्ये न्याय करायला सांगितले, आणि वडिलांनी ती भेट परत घेतली.

ही शिकवण आईवडील आणि त्यांच्या स्वतःच्या मुलांबाबत आहे. भाचे, पुतणे यांनाही तोच हुकूम लागू होतो असे मी म्हणत नाही, ते उलेमांनी सांगावे. पण ज्या घरात ईदच्या दिवशी सगळी मुले एका दस्तरखानावर जेवतात, तिथे मुलांच्या मनाची ही काळजी आपणही घ्यायला हवी.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मुले मोजा. समजा पाच मुले आहेत आणि खेळण्यांसाठी चार हजार रुपये बाजूला काढता येतात. म्हणजे एका मुलामागे आठशे. हाच तुमचा डबा. मला सहाशे ते दीड हजारापर्यंतचा डबा मध्यम वाटतो. यापेक्षा महाग घेतला तर तो एखाद्यालाच मिळतो. फार स्वस्त घेतला तर माझ्या पिशवीसारखी गत होते. मध्यम किमतीचा डबा मला आवडतो तो एवढ्यासाठीच, की तो सगळ्यांना देता येतो. फित्रा मात्र आधी, खेळणी नंतर, हा क्रम चुकू नये.

एकच जात, एकच माप

सगळ्या मुलांसाठी एकाच कंपनीचे, एकाच मापाचे ब्लॉक्स घ्या. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. एकाचे ठोकळे दुसऱ्याच्या ठोकळ्यांत बसले, तर नानीच्या घरी पाच डब्यांचा एक मोठा डबा होतो. बसले नाहीत, तर प्रत्येक जण आपापला डबा कवटाळून कोपऱ्यात बसतो.

हे जुळणे किती महत्त्वाचे आहे, ते लेगोच्या इतिहासात दिसते. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या एका सुताराने, ओले कर्क क्रिस्टियनसन यांनी, १९३२ मध्ये हा धंदा सुरू केला. सुरुवातीला लाकडी खेळणी होती. 'चांगले खेळ' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून १९३४ मध्ये लेगो हे नाव आले. प्लास्टिकचे पहिले ठोकळे १९४९ चे, पण ते आतून पोकळ होते आणि नीट धरून राहत नसत. मग ठोकळ्याच्या पोटात नळ्या घालण्याची कल्पना निघाली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. वरची गोल बटणे त्या नळ्यांमुळे घट्ट अडकतात, तरी लहान मुलाच्या हातांनी सुटतात. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यातही बसतो. म्हणजे मोठ्या भावाचे ठोकळे पुढे धाकट्या बहिणीला, आणि तिचे तिच्या मुलांना उपयोगी पडू शकतात.

परदेशातून येणारी खेळणी आपल्याकडे महाग असण्याला आणखी एक कारण आहे. त्यांच्यावरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. म्हणून मध्यम किमतीत परदेशी कंपनीचा छोटा डबा मिळतो, तर भारतीय कंपनीचा बराच मोठा. भारतीय डबे घेतले म्हणून काही बिघडत नाही. पकड चांगली हवी आणि सगळ्यांसाठी एकच कंपनी हवी.

दुकानात काय पाहावे

पहिले, आयएसआय खूण. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ही खूण सक्तीची आहे. परदेशी मालही त्यातून सुटलेला नाही. खुणेजवळ सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की परवाना खरा की खोटा ते कळते. दुकानदारासमोरच तपासा, लाजू नका.

दुसरे, वय. डब्यावर लाल वर्तुळात लहान मुलाचा चेहरा, ०-३ हे आकडे आणि त्यावर तिरकी रेघ असेल, तर आतले तुकडे तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतात. घरात रांगते मूल असेल, तर मोठ्या मुलासाठी घेतलेला डबाही त्याच्या हाती लागणार, हे लक्षात ठेवा. लहानग्यांसाठी मोठ्या आकाराचे ठोकळे मिळतात. लेगोचे ड्युप्लो ठोकळे लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींत नेहमीच्या दुप्पट असतात, तरी नेहमीच्या ठोकळ्यांशी जुळतात. नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना नट-बोल्टचे मेकॅनिक्स किंवा दातेरी चाकांचे संच जास्त रमवतात.

तिसरे, पकड. दुकानात नमुन्याचा डबा उघडलेला असेल तर दोन ठोकळे जोडा आणि वरचा धरून उचला. खालचा गळता कामा नये. मग तेच मुलाला सोडवायला सांगा. त्याला जमले पाहिजे. कडांवरून बोट फिरवा, टोचत असेल तर परत ठेवा. उग्र वास येत असेल तरीही.

चौथे, तुकड्यांची संख्या. नऊशे रुपयांत १५० तुकडे म्हणजे एक सहा रुपयांना. नऊशे रुपयांत ३०० म्हणजे तीन रुपयांना. पण एवढ्यावर भुलू नका. संख्या फुगवण्यासाठी नखाएवढे तुकडे भरलेले असू शकतात. आठ बटणांचे आणि चार बटणांचे ठोकळे किती आहेत ते चित्रात पाहा, कारण भिंत त्यांच्यानेच उभी राहते. दोन-चार चाके, एखादी खिडकी आणि खालची सपाट पाटी असेल तर उत्तम.

एक मोटार की शंभर वस्तू?

ब्लॉक्सचे डबे दोन तऱ्हेचे असतात. एकातून ठरलेली एकच वस्तू होते, जसे मोटार किंवा विमान. दुसऱ्यात निरनिराळे साधे ठोकळे असतात, त्यातून मुलाला हवे ते करता येते. मध्यम किमतीत दुसऱ्या तऱ्हेचा डबा घ्यावा. पहिला एकदा जोडला की कपाटात जातो आणि एक तुकडा हरवला तरी अडतो. दुसऱ्यात एखादा तुकडा हरवला तरी काम थांबत नाही.

साध्या ठोकळ्यांत किती दडले आहे पाहा. आठ बटणांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. असे सहा ठोकळे घेतले, तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी २००४ मध्ये संगणकाच्या मदतीने ही संख्या काढली. मी वर्गात हेच ठोकळे अपूर्णांकांसाठी वापरते. आठ बटणांचा एक, चार बटणांचा अर्धा, दोन बटणांचा पाव. फळ्यावर न समजलेले पाव आणि अर्धे हातात आल्यावर समजतात.

सूचनापुस्तिकेचाही एक फायदा आहे. चांगल्या डब्यातली पुस्तिका चित्रांची असते. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलाचे इंग्रजी कच्चे असले तरी अडत नाही. माझ्या उर्दू वर्गातला वाचनात मागे असलेला मुलगा ती चित्रे सगळ्यांच्या आधी लावतो, आणि मग बाकीचे त्याला विचारायला येतात.

ज्या घरांत माणसांच्या आकृत्या नको वाटतात, त्यांनाही साध्या ठोकळ्यांचा डबा सोयीचा पडतो, कारण त्यात भर ठोकळ्यांवर असतो.

मुलींना वगळू नका

दुकानात "मुलगा आहे की मुलगी?" हा प्रश्न हमखास येतो आणि मुलगी म्हटले की गुलाबी डबा पुढे होतो. त्यात अनेकदा ठोकळे कमी आणि सजावट जास्त असते. माझ्या पुतणीने गेल्या वर्षी मशीद बांधली. घुमट जमेना. मग प्रत्येक थर एका बटणाने आत घेत घेत तिने तो मिटवला. तिला हे कुणी शिकवले नव्हते. मुलींनाही तोच डबा द्या, तेवढ्याच तुकड्यांचा.

डबा दिल्यानंतर

प्रत्येक डब्यावर मुलाचे नाव घाला. जुनी चादर अंथरून तिच्यावरच खेळायला बसवा. खेळ संपला की चादरीची चार टोके उचलायची, सगळे ठोकळे आपोआप गोळा होतात. ते कोमट पाण्याने धुता येतात. आणि पहिल्या दिवशी अर्धा तास तरी कुणी मोठ्याने सोबत बसावे.

गेल्या ईदला आमच्या अम्मींच्या घरी पाच मुलांना पाच सारखे डबे दिले. भावाने सौदीहून फोन करून विचारले होते, "यंदा काय आणू?" मी म्हटले, "काही आणू नका, निम्मे पैसे द्या." त्यांनी दिले. दुपारी पाचही डबे एका चादरीवर रिकामे झाले आणि किल्ल्याची भिंत सुरू झाली. ती पुन्हा पुन्हा मधोमध फाटत होती. माझे मेहुणे शेजारी चहा पीत होते. त्यांनी कप ठेवला आणि म्हणाले, "सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. खालच्या दोन विटांच्या मधोमध वरची वीट बसवा." मुलांनी तसे केले आणि भिंत उभी राहिली. मग पाचही मुले त्यांना घेरून बसली. त्यांचा मुलगा, तोच दाराला टेकून उभा राहिलेला, इतरांना सांगत होता, "अब्बा खऱ्या विटांच्या पण अशाच बांधतात."

एका मोमिनचे दुसऱ्याशी नाते इमारतीसारखे आहे, तिचा एक भाग दुसऱ्याला बळ देतो, हे समजावताना पैगंबरांनी (स.) आपल्या दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून दाखवली होती, असे हदीसमध्ये येते. त्या दिवशी चादरीकडे पाहताना मला तेच आठवले.

येत्या ईदला, इन्शाअल्लाह, डबा घ्यायला निघाल तेव्हा खिशातले पैसे मोजण्याआधी दस्तरखानावर बसणारी मुले मोजा. दाराशी उभे असलेले मूलही त्यात धरा.