हस्त-स्कॅनरवरील वारंवारता-शोध : पायरीची निवड

प्रस्तावना : रेडिओ स्कॅनरवरील 'स्कॅन' म्हणजे साठविलेल्या वारंवारता क्रमाने तपासणे, 'सर्च' म्हणजे दोन सीमांमधील अज्ञात वारंवारता शोधणे होय. प्रस्तुत लेखात दुसऱ्या क्रियेचा विचार केला आहे.

विवेचन : शोधापूर्वी खालची व वरची सीमा, पायरी आणि मॉड्युलेशन निश्चित करावे लागते. भारतातील हौशी रेडिओचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा उदाहरणादाखल घेऊ. २५ किलोहर्ट्झच्या पायरीने येथे ८१ थांबे होतात, तर ५ किलोहर्ट्झच्या पायरीने ४०१. संच सेकंदास ५० पायऱ्या चालतो असे मानल्यास एका फेरीस अनुक्रमे सुमारे १.६ व ८ सेकंद लागतात. म्हणजेच पायरी बारीक असल्यास तीन सेकंदांची हाक निसटू शकते. मोठी असल्यास दोन थांब्यांमधील केंद्र ऐकूच येत नाही. यावर उपाय म्हणजे पायरी बारीक ठेवून सीमा जवळ आणणे. स्क्वेल्च खरखर जेमतेम थांबेल इतकाच ठेवावा. अधिक वाढविल्यास क्षीण संदेश दबतात.

निष्कर्ष : संच शांत राहिला म्हणून पट्टा रिकामा आहे, असे अनुमान काढणे सदोष ठरते. आपत्काळात असे अनुमान घातकही ठरू शकते. म्हणून निरीक्षणाच्या नोंदीत सीमा, पायरी व कालावधी यांचा उल्लेख अनिवार्य मानावा.