धाकटा आधी वयात येतो तेव्हा

समजा, 10 मार्च 2024 ला एका ज्यू घरात जुळे मुलगे जन्मले. एक सूर्यास्ताच्या जरा आधी, दुसरा जरा नंतर. तेरा वर्षं पुरी झाली की ज्यू मुलगा 'बार मित्झवा' होतो, धर्माचे नियम पाळायची जबाबदारी त्याच्यावर येते. 2037 साली हा मान धाकट्याला आधी मिळेल. थोरल्याने जवळजवळ महिनाभर वाट पाहायची! असा पेच पडू शकतो हे जुन्या धर्मशास्त्रकारांनी ओळखलं होतं, त्याचा निवाडाही लिहून ठेवला आहे.

याचं मूळ अधिक महिन्यात आहे. चंद्राचे बारा महिने म्हणजे साधारण 354 दिवस, सूर्याच्या वर्षाला अकरा कमी. ही तूट भरली नाही तर सण ऋतूंमधून फिरत राहतात. ज्यूंना ते चालण्यासारखं नव्हतं, कारण इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेचा सण, पेसाह, वसंतातच यायला हवा अशी तोरा या धर्मग्रंथाची आज्ञा आहे. म्हणून 19 वर्षांत सात वेळा ते महिना वाढवतात. आपला अधिक मास चैत्रात येईल, श्रावणातही येईल. त्यांचा मात्र कायम अदार हाच महिना दुप्पट होतो. यातही पहिला अदार वाढीव, दुसरा खरा, आपल्या निज महिन्यासारखा. पुरीमचा सण दुसऱ्यात. (पुरीम अदारच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या आसपास. कोकणातले बेने इस्राएल ज्यू त्याला होळीचा सणच म्हणत.)

आता जुळ्यांकडे बघा. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्या संध्याकाळी पहिला अदार संपून दुसरा लागला. थोरला पहिल्याच्या तिसाव्या दिवसाचा, धाकटा दुसऱ्याच्या पहिल्या दिवसाचा. 2037 साली अदार एकच, तोही 29 दिवसांचा. धाकट्याची तिथी त्याच्या आरंभी येते. थोरल्याचा तिसावा दिवस त्यात नाहीच, तो सरकतो पुढच्या निसान महिन्यावर.

आज नवा महिना कधी लागतो हे गणिताने ठरतं, एकेकाळी डोळ्यांनी ठरायचं. नवी कोर दिसलेले साक्षीदार जेरुसलेमला येत आणि त्यांची उलटतपासणी होई: कोर कुठल्या बाजूला होती, किती उंच, कुठे झुकलेली? रब्बान गमलिएल या धर्मपंडिताने तर भिंतीवर चंद्राच्या आकृत्या लावल्या होत्या. साक्षीदाराने बोट दाखवून सांगायचं, असा की तसा. साक्ष पटली की डोंगरमाथ्यांवर आगी पेटत आणि निरोप पार बाबिलोनच्या दिशेने जाई. पण विरोधकांनी भलत्याच रात्री आगी पेटवून घोळ घातला, तेव्हा जासूद धाडणं आलं. जासूद वेळेत न पोचला तर? दूरच्या वस्त्यांनी उपाय काढला: सणाचा दिवस दोनदा पाळायचा, एक तरी बरोबर निघेल.

पुढे महिन्याचं गणित इतकं नेमकं बसलं, की चंद्राच्या सरासरी महिन्याशी त्याचा फरक सेकंदाच्याही आत राहतो. शंकेला जागाच उरली नाही. तरी इस्राएलबाहेरचे परंपरानिष्ठ ज्यू अजून पेसाहचं पहिलं जेवण लागोपाठ दोन रात्री मांडतात. इस्राएलमध्ये सात दिवसांचा असलेला सण बाहेर आठ दिवस चालतो. मला ही अडून बसलेली सवय गणिताहून जास्त आवडते. सूट मिळाली ती योम किप्पूर या उपासाच्या दिवसाला, तो सगळीकडे एकच दिवस. दोन दिवस निर्जळी उपास कुणाला झेपणार? बाबिलोनचा राव्हा नावाचा पंडित मात्र तोही करीत असे, असं तालमूद हा धर्मग्रंथ सांगतो.