पंचेचाळीस मिनिटांचा थांबा

परदेशातील सामूहिक बससहलीचा शेवटचा दिवस हा प्रामुख्याने हिशेबाचा असतो. काट्याला अडकवून बॅगांचे वजन पुन्हा पुन्हा केले जाते, चालकासाठी व सहल व्यवस्थापकासाठी बक्षिसीची रक्कम गोळा होते, मूल्यवर्धित कराच्या परताव्याचे अर्ज भरले जातात आणि उरलेसुरले युरो चॉकलेटांत संपवले जातात. २०२४ या एका वर्षात तीन कोटींहून अधिक भारतीय देशाबाहेर गेले. त्यांतील पुष्कळसे रोजगारासाठी अथवा आप्तांकडे गेले असणार, हे खरे. तरीही युरोपची दहा-बारा दिवसांची सहल आता मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात चारधामाच्या शेजारी जाऊन बसली आहे. मार्ग ठरलेला, उपाहारगृहे ठरलेली, छायाचित्रे काढण्याच्या जागाही ठरलेल्या. मला याची थट्टा करायची नाही. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला साठीनंतर आल्प्सचा बर्फ पाहावासा वाटला, तर त्यात हसण्यासारखे काही नाही.

मला सांगायचे आहे ते या मार्गावर असूनही कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या एका जागेविषयी. पॅरिसहून ब्रसेल्सकडे जाणारा एक मार्ग लील शहराजवळून जातो. तेथून नैर्ऋत्येस, थोडी वाट वाकडी केली तर अर्ध्या-पाऊण तासात, न्यूव्ह-शापेल नावाचे खेडे लागते. सपाट शेते, विटांची घरे, आणि एका चौफुल्यावर कमळशीर्ष असलेला उंच पाषाणस्तंभ. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची थडगी अथवा चितास्थाने ज्ञात नाहीत, अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची व मजुरांची नावे तेथील भिंतीवर कोरलेली आहेत.

१९१४ च्या सप्टेंबरअखेर लाहोर डिव्हिजनच्या पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या. मेरठ डिव्हिजन मागोमाग आली. अंगात उन्हाळी खाकी, हातात तेथेच बदलून दिलेल्या नव्या बंदुका, आणि समोर फ्लँडर्सचा हिवाळा. १० मार्च १९१५ रोजी सकाळी पस्तीस मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर भारतीय व ब्रिटिश तुकड्यांनी न्यूव्ह-शापेलवर चढाई केली आणि गाव त्याच दिवशी जिंकले. पुढे सर्व अडखळले. दूरध्वनीच्या तारा तुटल्या, आदेश उशिरा पोहोचले, राखीव फौज वेळेवर आली नाही, आणि १३ मार्चला मोहीम थांबवावी लागली. मृत, जखमी व बेपत्ता मिळून बारा हजारांवर माणसे गेली. त्यांत चार हजारांहून अधिक भारतीय होते. ३९ व्या गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनमधील रायफलमन गब्बरसिंह नेगी यांनी पहिल्याच दिवशी संगिनी घेऊन शत्रूच्या खंदकात शिरलेल्या तुकडीत वळणामागून वळण पुढे राहून वाट काढली आणि ते तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टिहरीतील चंबा येथे आजही त्यांच्या नावाने मेळा भरतो.

स्मारकाचे अनावरण ७ ऑक्टोबर १९२७ रोजी झाले. त्याचे वास्तुकार सर हर्बर्ट बेकर. दिल्लीतील नॉर्थ ब्लॉक आणि साऊथ ब्लॉक यांचेही तेच. सचिवालयाच्या त्या इमारतींत नोकरीची काही वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला स्मारकाची दगडी जाळी आणि छोट्या छत्र्या परक्या वाटत नाहीत. वर्तुळाकार आवाराच्या पुढच्या अर्ध्या भागाला जाळीची भिंत आहे, मागच्या अर्ध्या भागावर पलटणीनुसार नावे आहेत. स्तंभाच्या दोन्ही अंगांना दोन वाघ बसलेले आहेत, आणि पायथ्याशी ईश्वर एक असल्याचे वचन इंग्रजी, अरबी, हिंदी व गुरुमुखी लिप्यांत कोरले आहे.

आपण हे सारे विसरलो, त्याला कारण आहे. ही माणसे साम्राज्यासाठी लढली, महिना अकरा रुपये पगारावर लढली, आणि युद्धानंतर साम्राज्याने देशाला काय दिले, तर रौलट कायदा आणि जालियनवाला बाग. स्वतंत्र भारताच्या इतिहासकथनात या शिपायांना कोणत्या प्रकरणात बसवावे, हा प्रश्न अवघडच होता. एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. त्या काळी टिळकांनी अटी घालून आणि गांधीजींनी खेड्यात गावोगाव पायी हिंडून सैन्यभरतीला पाठिंबाच दिला होता. ‘भाडोत्री’ हा शब्द मला वर्गात शिकवला गेला आणि तो मला तेव्हाही पटला नव्हता. सरकारचा पगार घेऊन, आपण निवडलेले नसलेले धोरण अमलात आणणाऱ्या माणसाची अवस्था सनदी नोकरी केलेल्याला समजू शकते. गढवालचा तो शेतकऱ्याचा मुलगा आपल्यापेक्षा फार वेगळा नव्हता. त्याला फक्त राजीनाम्याची सोय नव्हती.

इतर देशांनी ही अडचण आपापल्या परीने सोडवली. कॅनडाने विमी येथील स्मारकावर आपले विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून नेमले. ऑस्ट्रेलियाने व्हिलेर-ब्रेतोन्यू येथे २०१८ मध्ये स्वतंत्र माहिती केंद्र उभारले आणि तेथे दर एप्रिलमध्ये पहाटेचा समारंभ होतो; त्या दिवसासाठी म्हणून ऑस्ट्रेलियन पर्यटक येतात. आपण काहीच केले नाही, असे नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सहा सदस्य राष्ट्रांपैकी भारत एक आहे. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी न्यूव्ह-शापेलला गेले होते. परंतु पंतप्रधानांची भेट ही एका दिवसाची गोष्ट असते. त्यानंतर भारतातून निघणाऱ्या सहलींच्या माहितीपत्रकांत हे नाव यावे, यासाठी कोणत्या खात्याने काय केले, ते मला दिसलेले नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सहलीच्या अखेरच्या दिवशी पॅरिस ते ब्रसेल्स आणि तेथून ॲमस्टरडॅमचा विमानतळ असा प्रवास होता. त्याच्या छापील कार्यक्रमात चॉकलेटच्या दुकानासाठी दोन तास राखून ठेवलेले होते.

आम्ही एकंदर त्रेचाळीस जण. पौडीच्या एका निवृत्त शिक्षिका आमच्यात होत्या. सगळे त्यांना बहनजी म्हणत. त्यांच्या आजोबांचे थोरले बंधू गढवाल रायफल्समधून फ्रान्सला गेले, ते परतले नाहीत. घरी त्यांच्या नावाचे कांस्याचे गोल पदक आहे, जे त्या काळी मृतांच्या कुटुंबांना पाठवले जाई. बहनजींनी आदल्या रात्री व्यवस्थापकाला विनंती केली. त्या तरुणाने नम्रपणे आपल्या अडचणी मांडल्या: तेथे प्रसाधनगृह नाही, ब्रसेल्सचे जेवण ठरलेले आहे, आणि एकासाठी वाट वाकडी केली तर उद्या दुसरा काही मागेल. त्याची कोणतीही अडचण खोटी नव्हती. सुरतच्या मंडळींना चॉकलेटची खरेदी पूर्ण करायची होती, तेही समजण्यासारखे होते.

प्रश्न सुटला तो युरोपीय संघाच्या एका नियमाने. साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाने पंचेचाळीस मिनिटे विश्रांती घेतलीच पाहिजे. गाडीतले यंत्र प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवते आणि प्रवाशांनी कितीही आर्जवे केली तरी चालक बधत नाही. (नियम खरोखर पाळला जाताना पाहण्याचे सुख निवृत्त अधिकाऱ्यालाच कळावे.) आमचा चालक पोर्तुगीज होता. गावाचे नाव ऐकताच तो म्हणाला, ती जागा मला ठाऊक आहे, माझी विश्रांती मी तिथेच घेईन. कारण नंतर कळले. त्याच रस्त्यावर, भारतीय स्मारकापासून हाकेच्या अंतरावर, पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे. एप्रिल १९१८ मध्ये याच परिसरात त्यांची फौज चिरडली गेली. तेथे अठराशेहून अधिक कबरी आहेत. शताब्दीला त्यांचे राष्ट्राध्यक्ष आले होते. गाडी उभी करून चालक टोपी हातात घेऊन तिकडे चालू लागला आणि आम्ही इकडे आलो. सातआठ जण गाडीतच बसून राहिले.

गढवाल रायफल्सच्या रकान्यात हवे असलेले नाव तीन ठिकाणी सापडले. नेगी आणि रावत तेथे इतके आहेत, की केवळ नावावरून माणूस ओळखणे शक्य नाही. भिंतीतल्या पेटीत नोंदवही होती. तिच्यात सैन्यक्रमांक, वडिलांचे नाव आणि गाव लिहिलेले असते. सुरतच्याच एका तरुण सुनेने पाने उलटत तिन्ही नोंदी शोधल्या. इंग्रजांनी गावाचे स्पेलिंग असे काही केले होते, की बहनजींनी ते दोनदा मोठ्याने वाचल्यावर त्यांना स्वतःचे गाव ओळखू आले. त्यांनी क्रमांक हॉटेलच्या बिलाच्या मागे उतरवून घेतला. रडणे वगैरे काही झाले नाही. त्यांनी एवढेच विचारले, की घरी तारीख अकरा मार्च मानत आले होते, येथे दहा लिहिली आहे, तर श्राद्धाची तिथी आता बदलावी का? उत्तर कोणाजवळच नव्हते.

तेथे एका कांस्यफलकावर दोनशेहून अधिक नावे वेगळी आहेत. ते युद्धकैदी म्हणून जर्मनीत वारलेले हिंदी सैनिक. त्यांची झेरेन्सडॉर्फ येथील दफनभूमी पुढे पूर्व जर्मनीत गेली, तिची निगा राखणे अशक्य झाले, म्हणून १९६४ मध्ये त्यांची नावे येथे आणली गेली. पंजाबी मुसलमान, पठाण, शीख, गुरखे, जाट: आज चार देशांत विभागली गेलेली ही नावे पलटणीच्या क्रमाने एकाखाली एक आहेत. मार्गदर्शक तर दूरच, हे समजावून सांगणारी हिंदी भाषेतील छापील पुस्तिकादेखील हातात मिळाली नाही. दूतावासाने सहल कंपन्यांना एक पत्र पाठवावे, पुस्तिका छापून द्यावी, आणि स्थानिक नगरपालिकेशी बोलून जवळपास एका प्रसाधनगृहाची सोय करावी. स्मृतीचे धोरण म्हणून हे फारच किरकोळ वाटेल. पण आमच्या व्यवस्थापकाचा पहिला आक्षेप तोच होता, आणि वयस्कर प्रवाशांच्या गाडीत तो निर्णायक ठरतो.

ब्रसेल्सला चॉकलेटसाठी एकच तास मिळाला. त्यावरून थोडी कुरबुर झाली. त्यानंतर अंताक्षरी काही रंगली नाही. रोहतककडच्या एका गृहस्थांनी ध्वनिक्षेपक मागून घेतला. त्यांच्या गावच्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, अशा मजकुराच्या पाट्या पंजाब-हरयाणापासून साताऱ्यापर्यंत अनेक गावांत आढळतात. पाचवीपर्यंत ते रोज त्या पाटीखाली बसले होते, पण त्यांनी ती कधी वाचली नव्हती. त्यांनी गाडीतूनच धाकट्या भावाला दूरध्वनी केला आणि जाऊन आकडे वाचायला सांगितले. विमानतळावर आम्ही कर परताव्याच्या शिक्क्यासाठी रांगेत उभे असताना भावाचा निरोप आला. किती जण गेले तो आकडा स्पष्ट आहे. दुसऱ्या आकड्यावर दरवर्षीच्या सफेदीचे थर चढले आहेत. उद्या उजेडी चाकूने खरवडून बघतो.