वळचणीचा हिशेब

कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेच्या ठाकरवाड्यांत कुडाचे घर आता शोधावे लागते. सापडले की आधी छप्पर दिसते, भिंत नंतर. छप्पर इतके खाली उतरलेले असते की उंच माणूस वाकूनच आत शिरतो. भिंत म्हणजे कारवीच्या उभ्या काठ्या, त्यांना बांधलेल्या बांबूच्या आडव्या कांबी आणि दोन्ही अंगांनी माती, शेण, भाताचा तूस यांचे लिंपण. जाडी दोन इंच असली तरी खूप झाली. काठ्या डोंगरातल्याच. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. कुडाची डागडुजी घरच्या बायकाच करतात: पोपडा सुटला की लिंपायचे, वाळवी लागली की तेवढ्याच काठ्या बदलायच्या. त्यासाठी गवंड्याची वाट पाहावी लागत नाही.

एवढ्या पातळ भिंतीचे घर एप्रिलात गार कसे? ‘मातीचे घर थंड’ असे म्हणून भिंतीला श्रेय देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण दोन इंच मातीने उष्णता फारशी अडत नाही. खरे काम करते ती वळचण. छप्पर भिंतीच्या बरेच पुढे येते, म्हणून दुपारचे ऊन भिंतीला शिवत नाही आणि आषाढातली झड लिंपणापर्यंत पोचत नाही. गवताने शाकारलेल्या छपरात हवा कोंडलेली असते, त्यामुळे वरूनही ताप उतरत नाही. शिवाय कुड छपराला भिडवलेला नसतो. मधल्या फटीतून चुलीचा धूर निघून जातो आणि त्याच्यासोबत गरम हवाही.

इथे असे घर लागतेच. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत समुद्रावरचा वारा थकूनभागून पोचतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जूनपासूनच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. घराला भट्टी आणि धबधबा दोन्ही सोसायचे असतात.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर 2018 मध्ये इको-निवास संहितेचा पहिला भाग आणला. तो 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी आहे. तो पंखे-एसी मोजत नाही, घराचे आवरण मोजतो. आपल्या हवामानात भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला सरासरी 15 वॉटच्या आत हवी. छपरातून उष्णता किती सहज वाहते याचा आकडा, इंजिनिअरांच्या भाषेत यू-व्हॅल्यू, 1.2 च्या आत हवा. उष्ण-दमट पट्ट्यात, म्हणजे कोकणातही, उघडता येणाऱ्या दार-खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश हवे.

कुडाचे घर या परीक्षेला बसवले, तर भिंतीच्या विषयात बहुधा नापास होईल. सूत्रात खिडकीवरच्या छज्ज्याची सावली धरली जाते, पण भिंतीवर पडणाऱ्या वळचणीच्या सावलीला रकाना नाही. याचा दोष संहितेला देता येत नाही. ती प्रामुख्याने बहुमजली इमारतींचा विचार करते आणि चौथ्या मजल्याच्या भिंतीला वळचण कुठून आणणार? मात्र संहितेतले आकडे म्हणजे किमान अपेक्षा. तेवढ्यावर थांबणारा आर्किटेक्ट इथल्या उन्हाला अर्धेच उत्तर देतो.

या भागात खरी चूक डोक्यावर होते. उघड्या आरसीसी स्लॅबची यू-व्हॅल्यू तीनच्या वर जाते, म्हणजे संहितेच्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. वरचा विटांच्या तुकड्यांचा थर, म्हणजे ब्रिकबॅट कोबा, मुख्यतः गळती थांबवण्यासाठी असतो. उष्णता तो थोडीच रोखतो. म्हणूनच गच्चीवरची पत्र्याची शेड मला गमतीची वाटते. कर्जत, नेरळ, खोपोलीत लोक ती गळतीला कंटाळून घालतात, आर्किटेक्ट मंडळी तिला नाके मुरडतात, पण बाजूंनी उघडी ठेवली तर तीच स्लॅबवर सावली धरते आणि मधून वारा खेळता ठेवते. कुणी न शिकवता झालेले ते दुहेरी छप्पर आहे. हाच पत्रा थेट डोक्यावर आला, तर मात्र त्याच्याइतके वाईट छप्पर नाही.

भिंतींचे गणित सोपे आहे. नऊ इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू दोनच्या आसपास, आठ इंची एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकची एकपेक्षा कमी. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सहा इंची काँक्रीट भिंतीची तीनच्या वर. टॉवर भराभर उभे राहतात ते या शेवटच्या पद्धतीने.

आर्किटेक्चर ब्रिओ या मुंबईच्या कार्यालयाने, म्हणजे शेफाली बलवानी आणि रॉबर्ट वेराइट यांनी, कर्जतजवळ बांधलेले ‘रिपेरियन हाउस’ वेगळ्या वाटेने जाते. घर टेकडीच्या उतारात अर्धे दडवले आहे, छपरावर माती आणि हिरवळ आहे, व्हरांड्याभोवती उभ्या बांबूंचा पडदा आहे. मातीचे ओझे पेलणारा स्लॅब आणि इथल्या पावसात न गळणारे वॉटरप्रूफिंग प्रत्येकाला परवडेल असे नाही. पण ऊन भिंतीपर्यंत पोचण्याआधीच अडवायचे, ही बुद्धी वळचणीचीच.

कुडाचे गोडवे गाणारे लोक सहसा त्यात राहत नाहीत. वाळवी, साप, आगीचे भय, दरवर्षीची शाकारणी हे सगळे राहणाऱ्याच्या माथी. घरकुल मंजूर झाले की लोक पक्क्या घरात जातात, ते योग्यच. आणि जागाच धोक्याची असेल तर भिंत कशाची हा प्रश्नच उरत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीत गेली. वाचलेल्यांना आधी चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवले, नंतर सिडकोने पक्की घरे बांधली. अशा घरांच्या छपराचा विचार नकाशावरच व्हायला हवा, कारण त्यात राहणाऱ्यांना एसीचे बिल परवडणारे नाही.

खोपोलीच्या वीजघरातून 1915 मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, भिवपुरीतून 1922 मध्ये. डोंगरातल्या वाड्यांत दिवा लागायला पुढे कित्येक दशके गेली. आता मुंबई-पुण्याची माणसे सेकंड होमसाठी इथे येतात आणि सोबत एसी आणतात. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकनाला 3 ते 7 टक्के जादा एफएसआय मिळतो. कमी ऊर्जा वापरल्याचे बक्षीस म्हणून जास्त बांधकाम, हा न्याय मला पटत नाही.

शनिवार-रविवारच्या घरात विजेची बचत करून करून किती होणार? त्याची बरीचशी ऊर्जा सिमेंट, सळई आणि विटांमध्ये आधीच खर्च झालेली असते, आणि 2018 च्या संहितेत तिचा हिशेब नाही. म्हणून सल्ला विचारणाऱ्याला मी एक बेडरूम कमी करायला सांगतो. वाचलेले पैसे छपराच्या इन्सुलेशनवर आणि पश्चिमेच्या खोल पडवीवर घालावेत. सौर पॅनेल शेवटी. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, पण आधी घर गार करून घेतले तर त्याहून लहान यंत्रणेवरही भागू शकते.