गोठ्यातली येझदी: जुनी मोटारसायकल चालती का ठेवावी

खानापूर तालुक्यातल्या वारशाची यादी करायला बसलं की देवळं, वीरगळ, जुने वाडे असं सगळं येतं. गोठ्याच्या कडेला गोणपाटाखाली उभी असलेली जावा किंवा येझदी मात्र त्या यादीत नसते. माझ्या मते ती असायला हवी. मी मूळचा इंजिनिअर, इतिहासाकडे उशिरा वळलो, आणि गुंजीत माझी येझदी रोडकिंग अजून चालती आहे. तेव्हा या विषयावर दोन्ही बाजूंनी बोलतो.

आधी इतिहास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे पाचच वर्षांनी, १९६१ मध्ये, म्हैसूर शहरात आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या परवान्यावर मोटारसायकली बनवायला सुरुवात केली. १९७० च्या दशकात त्याच कारखान्याच्या गाड्यांवर 'येझदी' हे नाव आलं, ते इराणमधल्या यझ्द शहरावरून. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मधे १ नोव्हेंबर १९७३ रोजी राज्याचं नाव कर्नाटक झालं. म्हणजे त्याआधी आपल्याकडे नोंदलेल्या गाडीच्या मूळ कागदांवर राज्य म्हैसूर आहे. सीमाभागातल्या घरात असा कागद म्हणजे एक छोटं साधनच. नूतनीकरण झालं, नवं कार्ड आलं, की जुनं आरसी बुक चुलीत जातं. तसं करू नका. गाडीचा सर्वांत नाजूक भाग इंजिन नव्हे, कागद.

आता यंत्र. सिलिंडरचा व्यास ६५ मिमी, पिस्टनची धाव ७५ मिमी. गुणाकार केला की २४८ सीसीच्या थोडं वर येतं. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक आणि गियरची दांडी एकच. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं: लिटरला ४० मिली घातलं की १:२५ प्रमाण झालं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग काळा होतो आणि सायलेन्सरात काजळी साठते. गाडी चढाला ओढत नसेल तर लगेच इंजिन उघडू नका. आधी सायलेन्सरच्या आतली नळी काढून साफ करा. मग पॉइंटची फट ०.३ ते ०.४ मिमी आहे का ते फीलर गेजने बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

"एवढी जुनी गाडी, चालवायची कशाला? पुसून ठेवून द्यावी," असं बरेच जण म्हणतात. या इंजिनात क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबरी सील असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ती वाळतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गियरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो. डायनामोच्या बाजूचं गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. म्हणजे चालवल्याने ही गाडी जेवढी झिजते, त्याहून जास्त ती उभी राहून बिघडते.

त्यात आपला पाऊस. जून ते सप्टेंबर गुंजीत भिंतीसुद्धा ओल्या असतात. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याच जिल्ह्यात उसापासून इथेनॉल होतं, आणि तेच आपल्या जुन्या गाडीची रबरी नळी नि वॉशर खातं, असा हा योग! उपाय साधा आहे. नळी आणि वॉशर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवा. पावसाळाभर गाडी काढणार नसाल तर टाकी रिकामी करून वाळवा, आतून ऑइलचा हात फिरवा आणि कार्बोरेटर कोरडा करून ठेवा.

कायद्याचंही थोडं. नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. कोल्हापूरच्या मामांची किंवा गोव्यातल्या काकांची गाडी इकडे आणली आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर मूळ आरटीओची एनओसी घेऊन इथला नंबर घ्यावा लागतो. सीमेवरच्या घरांत ही अडचण हमखास येते, आणि कागदाअभावी चांगल्या गाड्या भंगारात जातात. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

'मूळ रूप' या शब्दांकडे लक्ष द्या. नवा चकचकीत रंग मारताना टाकीवरच्या हाताने ओढलेल्या रेघा जातात, आणि चासी नंबर बफिंगमध्ये पुसट झाला तर गाडीची ओळखच जाते. भाग बदलायला हरकत नाही, पण काढलेला भाग तारखेची चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. एक वही करा: काय बिघडलं, कोणी दुरुस्त केलं, भाग कुठून आणला.

त्या वहीत मिस्त्रींनाही जागा द्या. कारखाना चालू असताना ज्यांनी हे इंजिन हाताळलं, ते आज साठी-सत्तरीत आहेत. नुसत्या आवाजावरून टायमिंग पुढे आहे की मागे हे त्यांना कळतं, आणि ते ज्ञान कुठल्याच पुस्तकात उतरलेलं नाही. त्यांच्या शेजारी बसा, विचारा, मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. पुढच्या पावसाळ्याआधी एवढं एक काम झालं, तरी तालुक्याच्या इतिहासात भर पडेल.